तुमच्या हाताचं माप

(सामुदायिक रेडिओवरून दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



दिवाळी सरली की आपल्या मराठवाड्यात थंडी दारात येऊन उभी राहते. दिवसा ऊन असतं, त्यामुळे आपण तिला फारसं मोजत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पहाटेचा पारा कधी कधी 10 अंशांच्याही खाली उतरतो. रात्रीची लाईट आली की घरातला माणूस गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला बांधावर जातो. लेकरं सकाळच्या शाळेला कुडकुडत निघतात. घरात स्वेटर असतात, पण एक थोरल्याचा धाकट्याला आलेला, दुसऱ्याच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर गेलेल्या, तिसऱ्याची चेन गेलेली. नेमक्या मापाचा, खरोखर ऊब देणारा असा एखादाच.

आज बोलायचं आहे ते आपला स्वेटर आपण विणायला कसं शिकायचं, याविषयी. ज्या बाईनं विणायची सुई अजून हातात धरलेली नाही, तिच्यासाठी. "विकून पैसे होतील का?" हा प्रश्न बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत सगळ्यात आधी येतो. त्याचं उत्तर देणार आहे, पण नंतर. आधी स्वेटर.

विणकाम म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला माग आठवतो. पैठणची पैठणी, शहरातलं हिमरू, धनगरांची घोंगडी हे सगळं मागावरचं काम. मागावर उभे धागे आणि आडवे धागे असतात, ते एकमेकांत अडकून कापड होतं. सुयांवरचं विणकाम वेगळं आहे. यात एकच धागा असतो. त्या धाग्याचा एक फास करायचा, त्या फासातून दुसरा फास ओढून घ्यायचा, त्यातून तिसरा. अख्खा स्वेटर म्हणजे एका धाग्याचे हजारो फास, एकमेकांच्या आधारानं उभे. म्हणून तर तो ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो. म्हणूनच एक टाका सुटला तर खालपर्यंत शिडी होते, आणि म्हणूनच नको झालेला स्वेटर उसवून त्याच लोकरीचा दुसरा विणता येतो. मागावरच्या कापडाला हे जमत नाही. ही कला जुनी आहे, इजिप्तमध्ये मध्ययुगातले विणलेले सुती मोजे सापडलेले आहेत. आपल्याकडे मात्र ती उशिरा आली, इंग्रजांच्या काळात, मिशनच्या शाळांमधून. त्यामुळे "हे आमच्या घराण्यात कुणाला येत नव्हतं" असं म्हणून मागं राहू नका. आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या पणजीला ते येत नव्हतंच.

सामान थोडं लागतं. दोन सुया, लोकर, कात्री, शिवणाचा टेप आणि मोठ्या नाकाची एक बोथट सुई. विणायच्या सुयांना नंबर असतात आणि त्यांची गंमत अशी की नंबर मोठा तशी सुई बारीक. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर जाड असते, 10 नंबरची सव्वातीन. शिकताना 8 नंबर घ्या. बारीक सुईवर टाके दिसत नाहीत आणि काम पुढं सरकत नाही, मग कंटाळा येतो. सायकलच्या तारांवर किंवा खराट्याच्या काड्या घासून त्यांच्यावर शिकलेल्या बायका आहेत. हात वळवायला ते ठीक आहे, पण स्वेटरसाठी सुया विकतच घ्या. त्या एकदा घेतल्या की जन्मभर पुरतात.

लोकरीबद्दल मात्र नीट ऐका. दुकानात आपण "लोकर द्या" म्हणतो आणि दुकानदार जे देतो ते बहुतेक वेळा मेंढीचं नसतंच. ते अ‍ॅक्रिलिक असतं, म्हणजे कारखान्यात बनवलेला धागा. तो स्वस्त असतो, रंग पक्के असतात, घरी धुता येतो, कसर लागत नाही. शिकायला तोच बरा. पण त्याचा एक दोष जीवावरचा आहे. आगीजवळ तो वितळतो, पेटतो आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. खऱ्या मेंढीच्या लोकरीला ठिणगी लागली तर ती सहसा भडकत नाही, काळी पडून विझते. ओळखायचं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, अंगणात, पेटवून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि चुरगळणारी राख झाली तर खरी लोकर. कडक काळा मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. ज्या बाईला पहाटे चुलीपुढं बसायचं आहे, ज्या लेकरांना शेकोटीशी बसायची सवय आहे, त्यांच्या अ‍ॅक्रिलिकच्या स्वेटरला लोंबत्या बाह्या, गोंडे, झालर असं काही करू नका. चुलीपाशी बाह्या कोपरापर्यंत सारा. सैल बाही दिसायला छान असते, पण जाळाकडे आधी तीच जाते.

कुणी विचारेल, आपल्या मेंढ्यांची लोकर का नको? आपल्याकडे दख्खनी मेंढ्या आहेत, पडेगावला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्रही आहे. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ. घोंगडीला ती उत्तम, पाऊस झेलते, वर्षानुवर्षं टिकते. अंगालगतच्या स्वेटरला ती टोचते, आणि लेकरू एकदा टोचलं की पुन्हा तो स्वेटर घालत नाही.

लोकर घेताना वेष्टनावर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा नंबर असतो तो बघा. एका स्वेटरची सगळी लोकर एकाच लॉटची, एकदमच घ्या. "अर्धी आता, अर्धी पुढच्या बाजाराला" केलं तर तोच निळा वेगळा निघतो आणि पाठ एका छटेची, बाह्या दुसऱ्या छटेच्या होतात. पाच वर्षांच्या लेकराला मध्यम जाडीची लोकर साधारण 200 ते 250 ग्रॅम लागते. शिकताना फिकट रंग घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीवर रात्रीच्या बल्बखाली टाका दिसत नाही.

आता हात. सुरुवातीचे टाके घालायचे ते असे: धागा डाव्या अंगठ्याभोवती घ्यायचा, त्या वेढ्यात खालून सुई घालायची, अंगठा काढून घ्यायचा आणि धागा हलकेच ओढायचा. झाला एक टाका. असे वीस घाला. ओढताना सैल ठेवा, नाहीतर पहिल्याच ओळीत सुई आत जाणार नाही आणि तुम्हाला वाटेल की आपल्याला जमत नाही.

टाक्यांची सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात. सुलट टाक्याला धागा मागच्या बाजूला असतो. उजवी सुई पहिल्या टाक्यात पुढून मागं घाला, तिच्या टोकाभोवती धागा फिरवा, तो धागा फासातून आपल्याकडे ओढून घ्या आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडा. उलट टाक्याला धागा पुढं, आपल्या बाजूला घ्यायचा. सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे, पुढच्या बाजूनं घालायची, धागा फिरवायचा आणि फास मागं ढकलायचा. विणकामात याच्यापलीकडं मूळ असं काही नाही. वेण्या, जाळ्या, फुलं, हे सगळं या दोन टाक्यांची अदलाबदल आहे.

सुलट टाका ओळखायचा तो गव्हाच्या लोंबीसारखा, एकावर एक रचलेला. उलट टाका ज्वारीच्या दाण्यासारखा उठून दिसतो. आणि गंमत म्हणजे टाका एकच, एका बाजूनं लोंबी, दुसऱ्या बाजूनं दाणा. हे डोळ्यांना कळलं की नमुन्याचा कागद हातात धरावा लागत नाही. एक ओळ सुलट आणि परत येताना उलट, असं विणत गेलं की पुढून सपाट लोंब्या-लोंब्यांचं कापड होतं. ते कडेला गुंडाळी होतं, पापडासारखं. त्यात तुमची चूक नाही, त्याचा स्वभावच तो आहे. म्हणून तर खाली बॉर्डर लागते. दोन सुलट, दोन उलट अशी विणलेली बॉर्डर गुंडाळी होत नाही आणि रबरासारखी आवळून बसते.

पहिले आठ दिवस फक्त हे करा. चौकोन विणा, उसवा, परत विणा. दर ओळीच्या शेवटी टाके मोजा. विसाचे तेवीस झाले असतील तर बहुधा कडेचा टाका ओढून दोन पाय दिसले आणि तुम्ही दोन्हीत सुई घातली, किंवा धागा पुढचा मागं न्यायचा राहिला आणि सुईवर फुकटचा एक वेढा पडला. ओळ अर्धी सोडून भाकरी टाकायला उठू नका. उठावंच लागलं तर परत आल्यावर बघा, गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवर आहे ती उजव्या हातात घ्यायची.

आता आजच्या बोलण्याचा गाभा. बहुतेक पहिले स्वेटर वाया जातात ते इथं.

शेजारणीनं सांगितलं, "पाच वर्षांच्या पोराला 72 टाके घाल." तुम्ही घातले. तिच्या पोराला बसला, तुमच्या पोराला तो पोत्यासारखा झाला. दोघींची लोकर तीच, सुया त्याच, टाके तेवढेच. मग बदललं काय? हात. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. जसं दोघींच्या भाकरीची जाडी सारखी नसते, तसाच दोघींचा टाका सारखा नसतो. यात चांगलं-वाईट काही नाही. फक्त आपला हात कसा आहे ते आपल्याला ठाऊक हवं.

ते असं काढायचं. ज्या लोकरीचा स्वेटर करायचा तीच लोकर, त्याच सुया. 30 टाके घाला आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं पाच इंच विणा. टाके बंद करा. चौकोन धुवा, न पिळता सावलीत सपाट वाळवा. धुण्याचं टाळू नका, कारण धुतल्यावर कापड सैलावतं. मग जमिनीवर न ताणता ठेवा आणि मधोमध टेप लावून 4 इंचांत किती लोंब्या बसतात ते मोजा.

समजा 22 आल्या. म्हणजे इंचाला साडेपाच टाके. आता लेकराची छाती मोजा. पाच वर्षांच्या लेकराची साधारण 22 इंच असते. शर्टावरून घालायचा, पुढच्या थंडीलाही यावा, म्हणून 4 इंच सैल धरा. झाले 26. पाठीला अर्धे, 13 इंच. तेरा गुणिले साडेपाच म्हणजे साडेएकाहत्तर, 72 धरा. दोन्ही कडांच्या शिवणीत एकेक टाका जातो म्हणून दोन वाढवा. 74.

आता सैल हाताची बाई बघा. तिच्या 4 इंचांत 20 टाके बसले, म्हणजे इंचाला पाच. तिनं ऐकीव 72 टाके घातले तर पाठच चौदा इंचांच्या वर जाते आणि स्वेटरचा घेर जवळजवळ 29 होतो. घट्ट हाताच्या बाईचे 4 इंचांत 24. तिच्या 72 टाक्यांचा घेर 24 इंच. एकाच आकड्यात पाच इंचांचा फरक! एक लेकरू स्वेटरात हरवतं, दुसऱ्याच्या डोक्यातून तो खाली येत नाही. हा चौकोन विणायला एक दुपार जाते. तो न विणता स्वेटर सुरू करणाऱ्या बाईचा महिना जाऊ शकतो.

गटानं मिळून काम करताना याचाच एक घोळ होतो. "पाठ तू कर, पुढचा भाग मी करते, लवकर होईल." नाही होत. दोन हातांचे दोन भाग जोडताना एक लांब, एक आखूड निघतो. एका स्वेटरचं सगळं विणकाम एकीच्याच हातचं हवं. वाटून घ्यायचं असेल तर शिवण, बटणं, धाग्याची टोकं लपवणं हे दुसरीला द्या.

पहिल्या स्वेटरला मुंढा कापायचा नाही, गोल गळा नाही. सगळे सरळ तुकडे. पाठीला 74 टाके घालून दोन सुलट, दोन उलट अशी 2 इंच बॉर्डर विणा. ओळीची सुरुवात दोन सुलटनं होईल आणि शेवटही दोन सुलटवर येईल. परतीच्या ओळीत समोर लोंबी दिसली तर सुलट, दाणा दिसला तर उलट, एवढंच लक्षात ठेवा. मग एक ओळ सुलट, एक उलट करत एकूण 15 इंच होईपर्यंत सरळ वर जा. शेवटच्या चार ओळींत मधले 40 टाके पुढून-मागून सुलटच विणा, म्हणजे गळ्याची कड गुंडाळी होणार नाही. टाके सैल हातानं बंद करा. बंद करणं म्हणजे दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उडी मारून सोडायचा, मग पुढचा एक विणून तसंच.

पुढचा भाग साडेअकरा इंचांपर्यंत तसाच. तिथं मधले 40 टाके चार ओळी सुलट विणा. मग 20 टाके विणा, मधले 34 बंद करा, उरलेले 20 विणा. आता दोन खांदे झाले. एक खांदा सुटा धागा किंवा मोठी सेफ्टी पिन घालून थांबवून ठेवा आणि दुसरा 3 इंच सरळ वर विणा, गळ्याकडचे तीन टाके सतत सुलट ठेवून. मग पहिला. चौकोनी गळा तयार.

खांदे जोडायच्या आधी एक गोष्ट. या वयाच्या लेकराच्या डोक्याचा घेर 20 इंचांच्या आसपास असतो आणि आपला गळा भरतो साडेअठरा. विणकाम ताणतं, म्हणून जातो. पण टाके घट्ट बंद केले असतील तर अडेल. एक खांदा शिवा, दुसरा टाचणीनं अडकवा आणि डोक्यातून घालून बघा. अडला तर डाव्या खांद्याची गळ्याकडची 2 इंच शिवण उघडी ठेवून दोन बटणं लावा.

बाही मनगटापासून वर विणायची पद्धत आहे, बहुतेक नमुने तसेच असतात. मी सांगेन उलटं करा. खांद्याच्या शिवणीपासून पुढं 6 इंच आणि मागं 6 इंच खूण करा आणि त्या कडेवरूनच 66 टाके उचलून खाली मनगटाकडे विणत जा. दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना दोन-दोन टाके एकत्र विणून एकेक टाका कमी करा. चौदा वेळा कमी केलं की 38 टाके उरतात. त्यावर 2 इंच बॉर्डर करून बंद करा. बाही दहा इंचांच्या आसपास होते. मधूनच लेकराच्या हाताला लावून बघत जा. मग बाहीखालची आणि कुशीची शिवण एका दमात घाला.

असं उलटं का? लेकरू आधी उंचीत आणि हातांत वाढतं, छाती त्या मानानं हळू. विणकाम जिथं संपलं तिथून सहज उसवतं, जिथं सुरू झालं तिथून नाही. बाहीचा शेवट मनगटाला असला की पुढच्या वर्षी बॉर्डर उसवायची, दोन इंच वाढवायची आणि परत बॉर्डर करायची. म्हणून एक छोटा गुंडा त्याच लॉटचा जपून ठेवा. विकतच्या स्वेटरला हे कुणी करून देत नाही.

हे आकडे इंचाला साडेपाच टाक्यांचे आहेत, हे विसरू नका. तुमच्या चौकोनात वेगळं आलं तर सगळीकडे इंच तेच ठेवा आणि टाके तुमचे. गुणाकार येत नसेल तर सातवी-आठवीतल्या पोरीला वही घेऊन शेजारी बसवा. तिलाही कळेल की दशांश कशाला शिकवतात.

टाका सुटला तर घाबरून ओढाताण करू नका. क्रोशाची सुई, नसली तर केसांची पिन घ्या, सुटलेल्या फासात घाला आणि शिडीचा एकेक आडवा धागा त्यातून ओढत वर चढा. चार ओळी खालची चूक दिसली तर मात्र विचार करा. टाके कमी-जास्त झाले असतील तर उसवा. एखादा दाणा लोंबीच्या जागी आला असेल तर राहू द्या, तो तुमच्याशिवाय कुणालाही दिसणार नाही.

नवी लोकर परवडत नसेल तर घरातले जुने स्वेटर बघा. कुशीची शिवण उलटवून तपासा. कड अखंड, टाक्या-टाक्यांची असेल तर तो उसवतो. कड कापून त्यावर मशिनची ओव्हरलॉक शिलाई असेल तर सोडा, प्रत्येक ओळीला धागा तुटेल आणि हातात वीत-वीतभर तुकडे येतील. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि खाली थोडं वजन लावून सावलीत टांगा. कुरळेपणा बराच जातो. अ‍ॅक्रिलिक असेल तर गरम इस्त्री लावू नका, धागा मेल्यासारखा पडतो.

तान्ह्या बाळासाठी विणताना जाळीचे नमुने टाळा, बाळाची बोटं भोकांत अडकतात. हातमोज्याच्या आत लोंबता धागा ठेवू नका, तो बोटाला गुंडाळला तर रक्त थांबतं आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. टोपड्याचे बंद झोपवताना सोडा. बटणं दोनदा पक्की करा.

आता विक्रीचं. हिशोब आपणच करू. वर सांगितलेल्या लहान स्वेटरची पाठ 74 टाके आणि साधारण 105 ओळी, म्हणजे जवळपास आठ हजार टाके. पुढचा भाग थोडा कमी. दोन बाह्या मिळून सात हजार. एकूण बावीस हजारांच्या घरात. मिनिटाला 15 टाके या वेगानं 25 तास. आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवसांच्या वर, शिवण वेगळी. तुमच्या गावातली तीन दिवसांची मजुरी मांडा, त्यात लोकरीचा खर्च मिळवा आणि तो आकडा घेऊन आठवडी बाजारात जा. तिथं टांगलेल्या स्वेटरचा भाव विचारा. थंडीत शहरात तिबेटी विक्रेते दुकानं मांडतात, त्यांचा बराचसा माल लुधियानाच्या कारखान्यांतला. तो मशिनवर विणलेला असतो. मशिनच्या भावाशी हातानं झुंजायचं नाही, त्यात बाईची मजुरीच मरते. म्हणून "स्वेटरचा धंदा" म्हणून गटाचं कर्ज काढून लोकरीची पोती भरू नका, हे मी स्पष्ट सांगते.

चालतं ते मागणीवरचं काम. बाळंतविड्यासाठी टोपडं, स्वेटर, मोजे असा संच लोक हौसेनं हातचा मागतात. लोकर कमी लागते, काम आठवड्यात उरकतं, आणि घेणारा भाव करताना बाजारातल्या स्वेटरशी तुलना करत नाही. लोकरीचे पैसे आधी घ्या, विणकामाचे नंतर. एरवी हातचा स्वेटर आपल्या घरासाठी. तिथं वेळ दुपारच्या, गप्पांच्या असतात, त्यांची मजुरी कुणी मोजत नाही. तुम्ही मोजली तर मला आवडेल, पण तो वेगळा विषय झाला.

सुरुवात कधी करायची? थंडी पडल्यावर नाही. दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की हात मोकळा राहत नाही, आणि बोंडानं ओरखडलेल्या बोटांना लोकर अडकते. पोळा झाला की सुया घ्या. गणपतीपर्यंत हात बसेल, दसऱ्यापर्यंत पाठ आणि पुढचा भाग होईल, बाह्या दिवाळीनंतर रात्री रेडिओ ऐकता ऐकता. गटातल्या दहाजणींनी एकदम लोकर घेतली तर शहरात ठोक दुकानदार भाव कमी करतो, फक्त लॉट एकच मागून घ्या. पहिल्या बैठकीला कुणीही स्वेटर सुरू करायचा नाही. प्रत्येकीनं आपला चौकोन विणून, धुऊन आणायचा. सगळे चौकोन सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवा, टेप लावा, आणि वहीत प्रत्येकीच्या नावापुढं तिचा आकडा लिहा: 4 इंचांत किती टाके. लोकरीच्या वेष्टनाचा तुकडा त्याच पानावर चिकटवून ठेवा, आणि सुईचा नंबर लिहायला विसरू नका.